यंत्रे माघारी का बोलावतात?

तळेगाव दाभाडेहून चाकणकडे जाणारा रस्ता इंदुरी गावावरून जातो. गावाला इंद्रायणीचा शेजार आहे, सरसेनापती दाभाड्यांची जुनी गढी आहे, भाताची खाचरे आहेत आणि रस्त्याच्या दोन्ही टोकांना कारखाने आहेत. अशा रस्त्यावर विजेच्या खांबाशेजारी उभा असलेला एक विशिष्ट ट्रक तुम्ही कधी ना कधी पाहिला असेल. त्याच्या पाठीवर घडी घातलेला लांब पोलादी हात असतो आणि हाताच्या टोकाला माणसाच्या कमरेइतका खोल पाळणा. वायरमन पाळण्यात उभा राहतो, हात हळूहळू उलगडतो आणि बघता बघता माणूस दिव्याच्या उंचीवर पोहोचतो. हाताला ‘बूम’ म्हणतात, पाळण्याला ‘बकेट’. रस्त्यावरचे दिवे बदलणारी गाडी साधारण दहा-बारा मीटर उंच जाते. मुंबई अग्निशमन दलाकडे तर ९० मीटर उंच पोहोचणारी, फिनलंडमध्ये बनलेली ब्रॉन्टो स्कायलिफ्ट आहे.

या यंत्राचा जन्म फळबागेतला. १९४० च्या दशकात कॅलिफोर्नियातील जे आयटेल याने शिडीवर चढून चेरी तोडण्याच्या कटकटीवर उपाय म्हणून हा पाळणा शोधला असे सांगतात. म्हणूनच अमेरिकेत आजही त्याला ‘चेरी पिकर’ म्हणतात. चेरीच्या झाडावरून तो टेलिफोनच्या खांबावर गेला, मग विजेच्या तारांवर आणि शेवटी आगीच्या ज्वाळांपर्यंत.

आपला आजचा विषय मात्र त्याचा जन्म नसून त्याचे आजारपण आहे. समजा, अशा एका गाडीच्या बूमला जोडाजवळ बारीक तडा दिसला. गाडी थांबवली, जोड दुरुस्त केला, काम संपले. खरेच संपले का? त्याच कारखान्यात, त्याच महिन्यात, त्याच पोलादाच्या, त्याच कारागिराने सांधलेल्या आणखी दोनशे गाड्या देशभर फिरत असतील तर? त्या दोनशे पाळण्यांतल्या माणसांना ही बातमी कोणी कळवायची? एका यंत्रात सापडलेला दोष त्याच्या सर्व भावंडांमध्ये असू शकतो हे गृहीत धरून त्या सर्वांना तपासणीसाठी माघारी बोलावणे, याला वाहनउद्योगात ‘रिकॉल’ म्हणतात. वर्तमानपत्रात ही बातमी आली की कंपनीची नाचक्की झाली असे लोक समजतात. मला ते पटत नाही. दोष असूनही कोणालाच माघारी न बोलावणे ही खरी काळजीची बाब आहे.

ट्रक उलटतो तो कसा?

माघारी बोलावण्याच्या भानगडीत शिरण्यापूर्वी या यंत्रात इतके धोक्याचे काय आहे ते पाहू. त्यासाठी तुम्हांला शाळेत शिकलेला परिबलाचा नियम पुरेसा आहे. बल गुणिले टेकूपासूनचे लंब अंतर म्हणजे परिबल.

एक कल्पित पण व्यवहाराला धरून असलेला ट्रक घेऊ. बूम वगळता त्याचे वजन ५००० किलो. त्याच्या मध्यरेषेपासून चाकांची बाहेरची कड ०.९ मीटरवर आहे. ट्रक उलटायचा झाला तर तो या कडेवर कलंडेल, म्हणून ही कड आपला टेकू. ट्रकला खाली धरून ठेवणारे परिबल झाले ५००० × ०.९ = ४५०० किलो-मीटर.

आता बूम ट्रकच्या काटकोनात बाजूला आडवा पसरला आहे. बूमचे वजन ६०० किलो आणि लांबी ९ मीटर. म्हणजे त्याचा गुरुत्वमध्य ट्रकच्या मध्यरेषेपासून ४.५ मीटरवर, टेकूपासून ३.६ मीटरवर. टोकाला पाळणा आणि हत्यारांसह दोन माणसे मिळून २५० किलो; हे वजन टेकूपासून ८.१ मीटर दूर. उलटवणारे परिबल:

६०० × ३.६ = २१६०
२५० × ८.१ = २०२५
एकूण ४१८५ किलो-मीटर.

४५०० विरुद्ध ४१८५. ट्रक उभा आहे, पण जेमतेम! आता हीच गाडी मावळातल्या एखाद्या उतारावर उभी करा. फक्त ५ अंशांचा उतार, बूम उताराच्या बाजूला. ट्रकचा गुरुत्वमध्य जमिनीपासून १ मीटर उंच धरला तर तो टेकूच्या दिशेने सुमारे ९ सेंटिमीटर सरकतो आणि सावरणारे परिबल ४०६५ वर येते. बूम जमिनीपासून ३ मीटरवर आहे, म्हणून तो आणि पाळणा प्रत्येकी सुमारे २६ सेंटिमीटर बाहेर सरकतात आणि उलटवणारे परिबल ४४०० च्या वर जाते. ट्रक कलंडला. त्यात कोणाचाही हात लागला नाही, वारा सुटला नाही, काही तुटलेही नाही.

यावर उपाय सोपा आहे आणि तो तुम्ही पाहिलेलाही आहे. काम सुरू करण्यापूर्वी चालक ट्रकच्या दोन्ही बाजूंना पाय बाहेर काढतो आणि ते जमिनीवर रोवतो. यांना ‘आउटरिगर’ म्हणतात. गाडीवरचे लोक नुसते ‘जॅक’ म्हणतात. पाय मध्यरेषेपासून १.८ मीटरवर टेकले तर काय होते? सावरणारे परिबल दुप्पट, म्हणजे ९०००. उलटवणारे परिबल मात्र घटते, कारण टेकूच भाराच्या जवळ सरकला: ६०० × २.७ आणि २५० × ७.२ मिळून ३४२०. आता सावरणारे परिबल उलटवणाऱ्याच्या अडीच पटींहून अधिक आहे. टेकू ९० सेंटिमीटर सरकवला, एवढाच काय तो फरक! पावसाळ्यात भाताच्या खाचराच्या बांधाशी पाय रोवला आणि तो चिखलात रुतला, तर हा सारा हिशेब पुन्हा पहिल्या पानावर येतो हे वेगळे सांगायला नको. पायाखाली फळ्या ठेवतात त्या याचसाठी.

दहा टनांची पिन

उलटणे हा डोळ्यांना दिसणारा धोका. त्याची काळजी चालक घेऊ शकतो. दुसरा धोका यंत्राच्या आत दडलेला असतो आणि चालकाच्या हाती नसतो. माघारी बोलावण्याचा संबंध या दुसऱ्या धोक्याशी आहे.

बूम एका बिजागरीवर फिरतो आणि त्याला खालून तेलाच्या दाबावर चालणारा दट्ट्या उचलून धरतो. बिजागरीभोवती भाराचे परिबल काढा: ६०० × ४.५ आणि २५० × ९, एकूण ४९५० किलो-मीटर. दट्ट्याच्या बलाचे बिजागरीपासूनचे लंब अंतर अर्धाच मीटर आहे असे धरू. मग दट्ट्याने किती बल लावायला हवे? ४९५० भागिले ०.५ म्हणजे ९९०० किलोग्रॅम-भार, जवळजवळ दहा टन! पाळण्यात दोन माणसे आणि दट्ट्याच्या टोकाला असलेल्या मनगटाएवढ्या पिनवर दहा टन. तरफेने हात लांब केला की त्याची किंमत दुसऱ्या टोकाला अशी मोजावी लागते.

दट्ट्याचा व्यास १० सेंटिमीटर असेल तर आतल्या तेलाचा दाब प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे १२६ किलो येतो, म्हणजे हवेच्या दाबाच्या सव्वाशे पट. तेलाची रबरी नळी फुटली तर बूम दाणकन खाली येईल. म्हणून चांगल्या यंत्रात दट्ट्याच्या तोंडाशीच एक झडप बसवलेली असते. नळीतला दाब नाहीसा झाला की ती आपोआप मिटते आणि तेल दट्ट्यातच कोंडले जाते. ही झडप नळीच्या दुसऱ्या टोकाला बसवून चालत नाही; का, ते तुम्हीच सांगा.

पिन आणि सांधे यांचा हिशेब कागदावर करताना अभियंते भरपूर वाव ठेवतात. मग ते मोडतात का? याचे उत्तर धातूच्या थकव्यात आहे. तार एकदा वाकवून तुटत नाही. तीच तार पुढेमागे वाकवत राहिलो की पंधरा-वीस वेळांत तुटते. एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या डब्यांचे आस अकारण तुटू लागले तेव्हा जर्मन अभियंता ऑगस्ट वोलर याने यावर अनेक वर्षे प्रयोग केले. एका वेळी सहज पेलणारा भार लाखो वेळा दिला तर पोलाद तुटू शकते हे त्याने आकड्यांनी दाखवले. पुढे १९५४ साली ‘कॉमेट’ जातीची दोन प्रवासी जेट विमाने तीन महिन्यांच्या अंतराने आकाशात फुटली, त्यामागेही हाच थकवा होता. त्यानंतर त्या जातीची विमाने उड्डाणातून काढून घेण्यात आली.

आपली दिव्यांची गाडी दिवसाला ३० वेळा बूम वरखाली करते आणि वर्षाला ३०० दिवस काम करते असे धरा. वर्षाला ९००० फेरे, दहा वर्षांत ९०,०००. सांधलेल्या पोलादाबाबत एक उपयुक्त नियम आहे: ताण जितक्या पटीने वाढेल त्याच्या घनाच्या पटीने आयुष्य घटते. म्हणजे ताण निम्मा केला तर सांधा आठपट टिकेल. आता पाळण्यात दोनऐवजी तीन माणसे उभी राहिली, १०० किलो वाढले. परिबल ४९५० वरून ५८५० वर गेले, सुमारे १.१८ पट. त्याचा घन १.६५. म्हणजे नेहमीच तीन माणसे चढवली तर सांध्याचे आयुष्य जवळजवळ दोन-पंचमांशाने कमी होते. त्या दिवशी काहीच घडत नाही, यंत्र कुरकुरतही नाही. हिशेब मात्र आत कुठे तरी मांडला जात असतो.

आणि सांधा मुळातच अर्धवट भरलेला असेल तर? वरून गुळगुळीत, रंग दिलेला; आत पोकळी. तिथे ताण एकवटतो आणि तडा तिथून सुरू होतो. असा तडा शोधण्याची एक सुंदर युक्ती आहे. रंग खरवडून सांध्यावर लाल रंगाचे पातळ द्रव लावतात, ते केशाकर्षणाने तड्यात शिरते. मग पृष्ठभाग स्वच्छ पुसून पांढरी भुकटी फवारतात. भुकटी टिपकागदासारखे काम करते आणि तड्यात लपलेले लाल द्रव बाहेर ओढते. पांढऱ्यावर केसासारखी लाल रेघ उमटते. पृष्ठभागाखालच्या पोकळीसाठी श्रवणातीत ध्वनीचा प्रतिध्वनी वापरतात.

पत्ता शोधण्याचे काम

समजा, लाल रेघ उमटली. आता कारखान्याने पाहायचे ते हे की दोष या एकाच यंत्राचा आहे की सगळ्या तुकडीचा. पोलादाची कोणती खेप, सांधा करणारे कोणते यंत्र, कोणता आराखडा, हे नोंदवहीतून शोधायचे आणि अमुक क्रमांकापासून तमुक क्रमांकापर्यंतची यंत्रे संशयित ठरवायची. मग प्रत्येकाच्या मालकाला गाठायचे, तपासणी होईपर्यंत पाळणा वापरू नका असे सांगायचे, सुटा भाग बदलायचा आणि बदलल्याची नोंद ठेवायची. यातले भौतिकशास्त्र सोपे आहे. कठीण आहे ते मालकाला गाठणे.

इंदुरीच्या शेजारचेच उदाहरण घ्या. तळेगावला जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना २००८ साली सुरू झाला. तिथे शेव्हरोले बीट ही छोटी मोटार बनत असे. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने डिझेलवर चालणाऱ्या एक लाखाहून अधिक बीट मोटारी माघारी बोलावल्या. कारण काय, तर क्लचच्या पेडलची तरफ मोडण्याची शक्यता! पुन्हा तरफच. त्याच वर्षी जुलैमध्ये बीट, स्पार्क आणि एन्जॉय या मोटारी मिळून सुमारे १ लाख ५५ हजार गाड्या दूरनियंत्रित कुलपाच्या वायरींमुळे आग लागण्याची भीती असल्याने तपासणीसाठी बोलावल्या गेल्या होत्या. पुढे कंपनीने भारतातली विक्री थांबवली, डिसेंबर २०२० मध्ये तळेगावचा कारखाना बंद झाला आणि नंतर तो ह्युंदाई कंपनीने घेतला. बीट मात्र अजूनही रस्त्यावर दिसतात. काही दुसऱ्या, काही तिसऱ्या मालकाच्या हाती.

ही बोलावणी कंपनीने आपणहून केली होती. भारतीय वाहन उत्पादकांच्या संघटनेने जुलै २०१२ मध्ये स्वेच्छेने पाळायची एक संहिता केली होती, तेवढाच तेव्हाचा आधार. अमेरिकेत असा कायदा १९६६ पासून आहे. तिथे ट्रकवर बसवलेला पाळणाही महामार्ग-सुरक्षा खात्याच्या माघार-यादीत येतो. आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन ‘११०-अ’ हे कलम आले आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. दोषामुळे चालक, प्रवासी, रस्त्यावरील इतर माणसे किंवा पर्यावरण यांना अपाय होण्याचा संभव असेल तर सरकार त्या जातीची वाहने माघारी बोलावण्याचा आदेश देऊ शकते. कंपनीने टाळाटाळ केली तर १० लाख ते १ कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. परंतु नियमांत वाहनाच्या वयाची मर्यादा आहे: सात वर्षे. मोटारीच्या दृष्टीने ती बरी म्हणता येईल. पाळण्याच्या गाड्या मात्र सात वर्षांत भंगारात जात नाहीत, आणि थकव्याचा तडा तर उतारवयातच दिसतो.

आणखी एक पेच आहे. पाळण्याच्या गाडीला जन्मदाते दोन. चॅसी एका कंपनीची, तिच्यावर बूम बसवणारी दुसरी. नोंदणीपुस्तकात चॅसीचा आणि इंजिनाचा क्रमांक असतो. बूमचा क्रमांक असतो तो बूमच्या बुडाशी खिळलेल्या पत्र्याच्या पट्टीवर. गाडी विकली गेली, रंग मारला गेला, पट्टी रंगाखाली गेली की बूम अनाथ झाला. बनवणाऱ्याने उद्या बोलावणे पाठवले तरी ते कोणाच्या दारात जाणार?

कारखान्यांच्या आवारात याबाबतीत जुना आणि चांगला दंडक होता. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाप्रमाणे वजन उचलणाऱ्या यंत्रांची वर्षातून निदान एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी व्हावी लागत असे आणि किती भार सुरक्षित आहे ते यंत्रावर स्पष्ट लिहावे लागत असे. माणसे वाहून नेणाऱ्या लिफ्टसाठी ही मुदत सहा महिन्यांची होती.

रस्त्यावरच्या कामात काय होऊ शकते ते १४ ऑगस्ट २०२१ रोजी ग्वाल्हेरला दिसले. शिंद्यांच्या त्या जुन्या राजधानीत महाराज वाडा नावाचा चौक आहे. स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या सकाळी तिथल्या टपाल कचेरीच्या इमारतीवरील ध्वजाच्या तयारीसाठी अग्निशमन विभागाची हायड्रॉलिक पाळण्याची गाडी आणली होती. काम चालू असताना पाळणा खाली आला आणि तीन माणसे मृत्युमुखी पडली. आग नव्हती, घाई नव्हती. दोरी आणि झेंडा एवढेच काम होते.

इंदुरीकरांना तर याहून जवळची आठवण आहे. १५ जून २०२५, रविवार. कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा सुमारे ३० वर्षांचा लोखंडी पादचारी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळला. चार जण दगावले, पन्नासाहून अधिक जखमी झाले. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे लावलेला होता, असे प्रशासनाने नंतर सांगितले. पूल काही कारखान्यात माघारी पाठवता येत नाही. पण त्याचे दुखणे तेच आहे: ओलावा, गंज, वर्षानुवर्षांचे फेरे आणि आखलेल्यापेक्षा जास्त भार. फलक लावला म्हणजे बोलावणे पोहोचले असे होत नाही. मोटारीच्या बाबतीत दुरुस्त झालेल्या गाड्यांची मोजदाद होते, शंभरांपैकी किती आल्या आणि किती राहिल्या हे कळते. फलक वाचून किती माणसे मागे फिरली याची वही कोणाकडे असते? मोटारीचे पेडल सदोष निघाले तर ते बदलून घेता येते. पुलाच्या बाबतीत वापर थांबवण्याचा एकच खरा मार्ग असतो, वाटच बंद करणे.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. महावितरणची, नगरपरिषदेची किंवा अग्निशमन दलाची अशी गाडी जवळपास असेल तर अधिकाऱ्यांच्या परवानगीने ती मुलांना एकदा दाखवावी. काम चालू असताना नव्हे, गाडी उभी असताना. बूमच्या बुडाशी असलेली पट्टी वाचायला सांगावी. क्रमांक, बनवल्याचे वर्ष, पाळण्यातला कमाल भार, उताराची मर्यादा, वाऱ्याची मर्यादा, यांतले काय काय वाचता येते ते वहीत उतरवावे. नववीच्या वर्गाला परिबलाचे याहून चांगले उदाहरण फळ्यावर मिळणार नाही.

घरी करून पाहा

एक भरलेली कंपासपेटी घ्या. तिच्यावर ३० सेंटिमीटरची पट्टी आडवी ठेवून दोऱ्याने घट्ट बांधा, अशी की पट्टीचे एक टोक पेटीच्या लांब कडेबाहेर २० सेंटिमीटर यावे. हा तुमचा बूम. टोकावर एक रुपयाची नाणी एकेक करून ठेवा आणि कितव्या नाण्याला पेटी उलटते ते लिहून ठेवा. आता पेटीखाली दोन्ही टोकांजवळ एकेक पेन्सिल आडवी चिकटवा. पेन्सिली बूमच्या बाजूला ४ सेंटिमीटर बाहेर आल्या पाहिजेत. हे झाले जॅक. पुन्हा नाणी मोजा. नंतर पेन्सिली काढा, पेटी एका पाटीवर ठेवा आणि पाटीच्या बूमविरुद्ध कडेखाली वह्या सरकवून तिला बूमच्या बाजूला उतार द्या. एकेक वही वाढवत जा आणि प्रत्येक वहीमागे किती नाणी कमी होतात त्याचा आलेख काढा. आलेखाची रेषा सरळ येते की वाकडी?